दहाव्या दिवसानंतर

२०२५ च्या मे महिन्यात, ७ तारखेच्या पहाटे पाकिस्तानशी संघर्ष पेटल्यापासून पुढचे तीन-चार दिवस विट्यातल्या कितीतरी घरांत फोन हातातून खाली ठेवला गेला नाही. बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटेल. सरहद्द कुठे आणि खानापूर तालुका कुठे! पण आमच्या घाटमाथ्याची माणसं गलाईच्या धंद्यानं देशभर पांगलेली आहेत. पाऊस रुसलेल्या या मुलखातून पोटासाठी बाहेर पडलेल्यांनी मिळेल त्या शहराच्या सराफी पेठेत भट्टी मांडली, जुनं सोनं-चांदी गाळायला घेतली आणि तिथेच मुळं धरली. पंजाब-जम्मूकडच्या गावांत रात्री दिवे मालवले जात होते तेव्हा इकडे विट्यात आया जाग्या होत्या. दुकान बंद ठेव, गच्चीवर जाऊ नको, पोरांना बाहेर सोडू नको, एवढंच पुन्हा पुन्हा बोलणं. १० मेच्या संध्याकाळी शस्त्रसंधीची बातमी आली आणि घरोघर सुस्कारा सुटला.

त्या चार दिवसांत प्रत्येकाच्या मोबाईलच्या स्टेटसवर तिरंगा होता, बर्फात उभा जवान होता, खाली कृतज्ञतेचे दोन शब्द होते. पुढच्या आठवड्यात त्याच जागी लग्नाच्या वरातीचे व्हिडिओ आले. मे महिना लग्नसराईचाच. त्यात वाईट काही नाही, माणसानं चोवीस तास गंभीर राहू नये. पण सोनं पिवळं दिसतं म्हणून गलाईवाला ते विकत घेत नाही. भट्टीत घालतो, गाळतो आणि मग कस सांगतो. सैनिकाबद्दलच्या आपल्या कृतज्ञतेचा कस मला आपल्याच गावात, आपल्याच रीतीभातींत लावून बघायचा आहे.

सातारा-सांगलीच्या या पट्ट्याला पार्थिव येण्याचं दृश्य नवं नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावानं पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली आणि त्या गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा चिकटला. तेव्हा माणूस परमुलखात मातीत जायचा, गावाला तार किंवा कागद मिळायचा. कारगिलच्या युद्धापासून, म्हणजे १९९९ पासून, पार्थिव गावात आणण्याची पद्धत पक्की झाली आणि त्याबरोबर गावाचा निरोपही ठरून गेला. चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. बाजारपेठ आपण होऊन बंद राहते. रस्त्यावर रांगोळ्या, दुतर्फा शाळेची पोरं, फुलांनी मढवलेली गाडी, 'अमर रहे'च्या घोषणा. बंदुकीच्या फैरी झडतात, बिगुल वाजतं, तिरंग्याची घडी करून ती पत्नीच्या हातात दिली जाते. त्या क्षणी भल्याभल्यांचे डोळे भरतात. माझेही भरतात.

मग दहावा दिवस येतो.

घाटावर पिंडाला कावळा शिवायची वाट बघत पुरुष थांबलेले असतात. घरात बायका जमतात. चार दिवसांपूर्वी जिच्या हातात राष्ट्रानं ध्वज ठेवला, तिच्या त्याच हातातल्या बांगड्या फुटतात. कुंकू पुसलं जातं, मंगळसूत्र निघतं, पायातली जोडवी काढली जातात. हे करणाऱ्या हातांत तिला गाडीजवळ सावरून धरणारे हातही असतात. त्या बायका दुष्ट असतात का? मुळीच नाही. त्याही रडत असतात, आणि त्यातल्या निम्म्या-अर्ध्या याच वाटेनं आलेल्या असतात. रीत आहे म्हणून करायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

ही रीत काही सगळ्या घरांत राहिलेली नाही हे मी जाणतो. कित्येक घरांनी ती मोडली आहे, कित्येक सासूबाईंनी सुनेच्या अंगावर हात टाकू दिलेला नाही. पण बांगड्या वाचल्या तरी पुढचं वर्ष कुणाला चुकत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं शेजारच्या दारापर्यंत येतं आणि तिच्या दारावरून पुढे जातं. पुतणीच्या लग्नात हळद लावायला 'पाच जणी या' अशी हाक पडते तेव्हा ती भांडी घासायला मागच्या दारी गेलेली असते. कुणी तिला जा म्हटलेलं नसतं. तिची तीच उठते, कारण हाकेचा अर्थ तिला बरोबर कळतो.

आपण या स्त्रीला 'वीरपत्नी' म्हणतो. शब्द सुंदर आहे. १५ ऑगस्टला तिला शाळेत बोलावतात, पहिल्या रांगेत खुर्ची देतात. सत्काराची वेळ येते. शाल येते, श्रीफळ येतं आणि ताट घेऊन एखादी शिक्षिका पुढे होते. ताटात हळदीकुंकवाचा करंडा असतो. तिथे ताट क्षणभर थबकतं. शिक्षिका मुख्याध्यापकांकडे बघते, मुख्याध्यापक सरपंचांकडे बघतात. मग करंडा तसाच राहतो, नुसती ओवाळणी होते, टाळ्या वाजतात. या क्षणभरच्या थबकण्यात आपल्या समाजाचं सगळं खरंखोटं मला दिसतं. माईकवरून आपण जे म्हणतो त्यावर आपलाच हात विश्वास ठेवायला तयार नसतो.

मेलेल्या सैनिकाशी आपलं पटकन जमतं, कारण तो काही मागत नाही. त्याला चौकात उभं करता येतं, कमानीला त्याचं नाव देता येतं, वर्षातून एकदा हार घालता येतो. तो आपल्या घरात पाणी प्यायला येत नाही की सातबाऱ्यावर नाव लावा म्हणत नाही. मागणी त्याच्या मागे राहिलेल्यांची असते. आणि त्यांनी तोंड उघडलं की कालपर्यंत हात जोडणारी माणसंच कुजबुजतात, 'एवढा पैसा मिळाला की सरकारकडून, अजून काय पाहिजे?' मदतीचा धनादेश आला की सासर एकीकडे आणि माहेर दुसरीकडे उभं राहतं. पंचविशीतल्या मुलीच्या पुढच्या चाळीस वर्षांचा निवाडा दोन्हीकडचे पुरुष ओसरीवर बसून करतात. तिनं दुसरं लग्न करायचं म्हटलं तर? गावाच्या लेखी तो थेट हुतात्म्याचा अपमान!

गावाला तरी किती बोल लावायचा? आपल्या सरकारी कागदांतही हीच समजूत मुरलेली होती. शौर्यपदक मिळवलेल्या सैनिकाच्या विधवेला जो मासिक भत्ता मिळे, तो तिनं पुनर्विवाह केला की बंद व्हायचा. अपवाद एकच: नवऱ्याच्या भावाशी लग्न केलं तर चालू राही. म्हणजे बाई घरातल्या घरात राहिली तर राष्ट्र तिचं कृतज्ञ, बाहेर पडली की हिशेब मिटला. ही अट संरक्षण मंत्रालयानं काढली ती २०१७ च्या नोव्हेंबरात. स्वातंत्र्याला ७० वर्षं झाल्यावर! पदक त्यानं रणांगणात मिळवलं होतं. ते दिराच्या नावावर चढवण्याची कल्पना ज्या कुणाला सुचली त्याला त्यात काहीच वावगं वाटलं नसणार.

हिशेबाचं निघालंच आहे तर अग्निवीरांचंही बोलू. विट्याच्या आसपासच्या रस्त्यांवर पहाटे पाचला पोरं पळताना दिसतात, भरतीची तयारी करणारी. २०२२ पासून त्यांच्यापुढची वाट चार वर्षांच्या नोकरीची आहे. त्यातले जास्तीत जास्त चौथाई पुढे कायम होणार. मोहिमेवर असताना मृत्यू आलेला पहिला अग्निवीर आपल्याच महाराष्ट्रातला, बुलढाणा जिल्ह्यातला. २०२३ च्या ऑक्टोबरात सियाचिनमध्ये गेला. त्याच्या घरच्यांना विम्याची आणि सानुग्रह मदतीची रक्कम मिळते, पण नियमित जवानाच्या कुटुंबाला मिळणारी पेन्शन या योजनेत नाही. एकाच खंदकात, एकाच रात्री दोन जवान पडले तर एकाच्या आईला महिन्याच्या महिन्याला पेन्शन आणि दुसरीला एकदाच मिळालेली रक्कम. योजनेच्या बाजूनं आणि विरुद्ध पुष्कळ बोललं गेलंय, मला त्या वादात शिरायचं नाही. पण रस्त्यावरच्या त्या पळणाऱ्या पोरांच्या बापांना हा फरक नीट समजावून सांगितला गेलाय असं मला दिसत नाही. आणि विचारलं की, 'देशासाठी पैशाचं काय बोलता?' देशासाठी पैशाचं बोलायचं नाही हा नियम फक्त सैनिकाच्याच बापाला कसा?

इथे एक आक्षेप हमखास येतो. म्हणतात, सैनिकाचं बलिदान ही एक गोष्ट आणि बांगड्या-कुंकू ही दुसरी. तुम्ही उगाच समाजसुधारणेचं घोडं युद्धाच्या रथाला जुंपताय. युद्धाच्या काळात तर असं बोलूच नये, एकजूट मोडते.

या आक्षेपाला उत्तर याच मातीनं देऊन ठेवलं आहे. १९४३ ते १९४६ या काळात जुन्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीत, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. तेही युद्धाचेच दिवस होते. दुसरं महायुद्ध पेटलेलं, मराठा पलटणी इटलीत लढत होत्या. माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैत इटलीत पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इकडे कुंडल-वाळवा-खानापूरच्या रानात प्रतिसरकारच्या तुफान सेनेची पोरं इंग्रजांच्या गाड्या अडवत होती. एकाच मराठी मुलखाचे काही लेक इंग्रजांच्या वर्दीत आणि काही इंग्रजांच्या विरोधात! प्रतिसरकारनं त्या धामधुमीत काय केलं? सावकाराला जाब विचारला. बाईला छळणाऱ्याच्या तळपायांवर काठी चालवली. म्हणून तर लोक त्याला 'पत्री सरकार' म्हणू लागले. (ती शिक्षा क्रूर होती आणि तिचं मी समर्थन करणार नाही.) न्यायदान मंडळं नेमली, दारू बंद केली, हुंडा आणि मानपान टाळून गांधी पद्धतीची लग्नं लावली. १९४५ मध्ये कुंडलला जी. डी. बापू लाड आणि विजयाताईंचं लग्न तसंच लागलं, हजारो लोकांच्या साक्षीनं. डोक्यावर पकड वॉरंट असताना या माणसांना लग्नाच्या खर्चाची काळजी कशाला पडावी? त्यांच्या लेखी स्वातंत्र्य ही इंग्रज गेल्यावर सुरू करायची गोष्ट नव्हती. आज ताब्यात असलेल्या चार गावांत ते आजच दिसलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता.

नाना पाटलांच्या कन्या हौसाताई २०२१ मध्ये गेल्या. शेवटची वर्षं त्या विट्यातच राहत होत्या. पुष्कळांनी त्यांना पाहिलेलं आहे. भवानीनगरच्या पोलीस चौकीतली हत्यारं पळवायची होती तेव्हाची त्यांची हकिगत प्रसिद्ध आहे. चौकीसमोर एका साथीदारानं दारूड्या नवऱ्याचं सोंग घेतलं, हौसाताई बायको झाल्या. शिव्या, मारहाण, आरडाओरडा. भांडण सोडवायला पोलीस बाहेर आले आणि मागून बाकीच्यांनी बंदुका उचलल्या. सोंग खरं वाटावं म्हणून मार खराच खावा लागला, आणि नंतर त्या साथीदाराला त्यांनी त्याबद्दल सुनावलंही. ऐकणारे हसतात. मलाही हसू आलं होतं, पण मग वेगळाच विचार मनात आला. हे सोंग वठलं कसं? पोलिसांना क्षणभरही शंका का आली नाही? कारण भर रस्त्यात नवऱ्यानं बायकोला बडवणं हे रोजचं दृश्य होतं. ज्या गुलामीविरुद्ध ती चौकी लुटली जात होती, तिच्याहून जुनी गुलामी त्या लुटीच्या कामी आली. हौसाताईंना हे कळत नसेल असं मला वाटत नाही. म्हातारपणीही शेतकऱ्यांच्या मागण्यांसाठी त्यांनी आवाज दिला. स्वातंत्र्यसैनिक म्हणून हार घालून घेऊन त्या गप्प बसल्या नाहीत.

आणखी थोडं मागं जाऊ. साल १९०१. सातारा-कोल्हापूर लोहमार्गावरचं मसूर स्टेशन. साताऱ्याहून काही पोरं एकटीच गाडीत बसून आलेली, चांगल्या कपड्यांतली, टापटीप. त्यांचा बाप खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार; त्याआधी पलटणीत सुभेदार. निरोपाची चिठ्ठी वेळेवर न पोचल्यानं न्यायला कुणी आलेलं नाही. स्टेशनमास्तर आधी कौतुकानं चौकशी करतो आणि जात कळताच तोंड फिरवतो. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, तोही या अटीवर की गाडी पोरांनीच हाकायची, तो बाजूनं चालेल. टोलनाक्यावर रात्री पाणी मागितलं, ते मिळालं नाही. डबा भरलेला होता, पण पाण्यावाचून पोरं उपाशीच झोपली. त्यातला एक मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढे त्यांनी स्वतःच ही हकिगत लिहून ठेवली.

या गोष्टीचा उल्लेख आपण अस्पृश्यतेच्या संदर्भात करतो आणि ते बरोबरच आहे. पण ती सैनिकाच्या लेकरांचीही गोष्ट आहे. भीमरावांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांनी उमेदीची वर्षं लष्करात घालवली. त्यांच्या आधीच्या पिढ्यांतही लष्करात गेलेली माणसं होती. १८९० नंतरच्या वर्षांत इंग्रजांनी महारांची भरतीच बंद करून टाकली. मग अर्ज-विनंत्या करत बसावं लागलं, पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा एक पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर मोडून टाकली आणि १९४१ मध्ये, पुन्हा गरज पडल्यावर, महार रेजिमेंट उभी राहिली. गरज असली की बोलवायचं आणि गरज सरली की पाणीसुद्धा द्यायचं नाही. त्या टोलनाक्यावरच्या माणसाला कुणी विचारलं असतं की लष्करातल्या सुभेदाराचा तू मान राखतोस का, तर त्यानं कदाचित हो म्हणून सलामही ठोकला असता.

म्हणून मला युद्धाचा काळ हाच हे बोलायचा काळ वाटतो. शांततेत सैनिकाची आठवण कुणाला असते? ७ डिसेंबरला, ध्वजदिनी, शाळेतली पोरं छोटे झेंडे घेऊन येतात तेव्हा आपण खिशातली चिल्लर चाचपतो, तेवढीच. १९६२ ला चीननं तडाखा दिला तेव्हा देश खडबडून जागा झाला. बायकांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीला दिले. पुढे १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आलं, चौदा कॅरटहून जास्त शुद्धतेचे दागिने घडवायला बंदी झाली आणि देशभरच्या सोनारांच्या शेगड्या थंडावल्या. युद्धाची किंमत अशी कुणाकुणाच्या घरातून वसूल झाली त्याचा पुतळा कुठे उभारलेला नाही. पण त्याच युद्धात आणखी एक गोष्ट घडली. लढाई चालू असताना, ८ नोव्हेंबर १९६२ पासून, संसद बसली आणि जवानांना सुती कपड्यांवर, जुन्या रायफली देऊन बर्फात कुणी पाठवलं हे उघड विचारलं गेलं. त्याआधीच, देशभर उठलेल्या अशाच प्रश्नांपुढे, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं होतं. त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण आले, तेव्हाच्या खानापूर तालुक्यातल्या देवराष्ट्र्यात जन्मलेले. त्यांच्या दिल्लीला जाण्याचं वर्णन करताना 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य आपण अजून छाती फुगवून म्हणतो. पण ते गेले कशामुळे? कुणीतरी प्रश्न विचारले होते म्हणून. प्रश्न विचारणाऱ्यांनी देशाची एकजूट मोडली असं तेव्हा कुणाला वाटलं असेलही, पण जवानाच्या पायात धड बूट आले ते त्या प्रश्नांमुळे.

चव्हाणांच्याच घरातली एक आठवण. ते १९४२ च्या चळवळीत भूमिगत असताना पोलिसांनी त्यांच्या पत्नी वेणूताईंना पकडून नेलं. लग्नानंतरची त्यांची पहिली संक्रांत. नव्या सुनेला ज्या दिवशी हलव्याचे दागिने घालून मिरवायचं, तो दिवस कोठडीत गेला. लढणाऱ्याच्या घरातली बाई लढाईत नसते, असं समजणाऱ्यांसाठी एवढं पुरे.

२०१५ च्या नोव्हेंबरात साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी वयाची अट शिथिल करून घेतली, परीक्षा दिली, चेन्नईच्या अकादमीतलं प्रशिक्षण पुरं केलं आणि २०१७ च्या सप्टेंबरात त्या स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. दोन लेकरांची आई. या गोष्टीचा मला अभिमान आहे, आणि थोडी भीतीही आहे. भीती अशी, की आपण तिलाच माप करू. सातवीपर्यंत शिकलेली, दुष्काळी गावातली, दोन एकर जिरायत असलेली एखादी सून वर्दी घालू शकणार नाही. तिला साधं नीटनेटकं लुगडं नेसून, कपाळाला टिकली लावून बाजारात जायचं असतं. तेवढ्यासाठी तिनं शूर असावं लागतं, ही आपल्याच गावाची नामुष्की.

२०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला: नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र-जोडवी काढणं बंद. राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीच्या आठवड्यातच. पंधरा दिवसांत, १७ मेला, राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवायला सांगितलं. हेरवाड काही फार लांब नाही, आपल्याच शेजारच्या जिल्ह्यात आहे. घाटमाथ्यावरच्या ज्या गावांच्या वेशीवर हुतात्म्यांच्या नावाच्या कमानी आहेत, त्या गावांनी तरी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय पहिला घ्यावा. कमान बांधायला लाखांचा खर्च येतो, याला एक पान लागतं.

अशाच एका बैठकीत, कागदावर सह्या चालू असताना, मागं बसलेली एक म्हातारी बोलली. तिचाही लेक फौजेत होता. म्हणाली, "ठराव झाला, ब्येस झालं. पण उद्या हळदीकुंकवाला तिच्या कपाळाला पहिलं बोट लावायचं कुणी, ते लिवलंय का त्यात?"

कुणीच काही बोललं नाही. सरपंचांनी पेन खाली ठेवलं. म्हातारीनं शेजारी बसलेल्या सुनेकडे बघितलं आणि स्वतःच्या मोकळ्या कपाळावरून हात फिरवला.

"बघू," ती म्हणाली. "माझ्या हातनंच लावीन म्हंते. पण आधी माझ्या कपाळाला कुणीतरी लावा. मला दहा वर्सं झाली, सवय मोडलीया."